अपवर्कवर क्लायंट शोधताना आधी काय, नंतर काय: मराठी भाषांतरकारांसाठी

‘अपवर्कवर खातं उघडलं, दिसेल तिथे अर्ज केले, एकाचंही उत्तर आलं नाही.’ अपवर्क म्हणजे फ्रीलान्स काम देणाऱ्यांना आणि करणाऱ्यांना जोडणारा ऑनलाइन मंच. ही तक्रार करणाऱ्यांची भाषा बहुतेक वेळा चांगली असते. गडबड क्रमात असते. आधी खातं, मग अर्ज, कुणी नमुना मागितला की घाईघाईने नमुना, कुणी भाव विचारला की मनात येईल तो आकडा, आणि पैसे अडकले की पॅन आणि बँकेची शोधाशोध. या लेखात तोच क्रम उलटा करून मांडला आहे.

उदाहरणं इंग्रजी-मराठी भाषांतर, सबटायटल आणि ध्वनिमुद्रणाचं लेखन या कामांतली आहेत. डिझायनर किंवा वेबसाइट बनवणाऱ्यांनी पहिले दोन टप्पे आपल्या कामाला जुळवून घ्यावेत, बाकीचं जवळजवळ तसंच लागू पडतं. फी आणि नियम हे मंच वारंवार बदलतात, म्हणून इथला कुठलाही आकडा पैसे भरण्याआधी त्यांच्या पानावर एकदा पडताळून घ्या.

टप्पा १: नेमकं काय विकणार ते ठरवा

‘मराठी, हिंदी, इंग्रजी भाषांतर, टायपिंग, डेटा एंट्री, कंटेंट रायटिंग, सोशल मीडिया’ अशी ओळख वाचून क्लायंटला एवढंच कळतं की या माणसाला काहीही चालेल. त्याला त्याच्या कामाचा माणूस हवा असतो. म्हणून एक भाषाजोडी आणि एक, फार तर दोन विषय निवडा.

मराठीसाठी मागणी साधारण अशी असते: ॲप आणि वेबसाइटचा मजकूर, व्हिडिओचे सबटायटल, व्हॉइसओव्हर, मार्केट रिसर्चच्या मुलाखती ऐकून लिहून काढणं, औषधचाचण्यांची संमतीपत्रं आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रकं, यंत्राने केलेलं भाषांतर तपासणं, आणि भाषेच्या एआय मॉडेलसाठी मजकूर किंवा आवाज तयार करणं. यांतलं तुमचं कोणतं, हे तुमचं शिक्षण आणि जुनी नोकरी सांगते. बी. फार्म. केलेल्याने औषधांकडे जावं, बँकेत काम केलेल्याने कर्जाच्या आणि विम्याच्या कागदांकडे, शिक्षकाने शैक्षणिक ॲपकडे. ‘कुठलाही विषय चालेल’ म्हणणाऱ्याला शेवटी सगळ्यात कमी भावाचं काम मिळतं.

मंचही सुरुवातीला एकच धरा. अपवर्कवर क्लायंट जाहिरात टाकतो आणि तुम्ही अर्ज करता. फायव्हरवर तुम्ही तुमची सेवा मांडून ठेवता आणि गिऱ्हाइकाची वाट पाहता. तिथे कमाईतले २० टक्के कापले जातात, पण आवाजाच्या किंवा ठरावीक मापाच्या छोट्या कामांना तो मंच बरा. प्रोझवर भाषांतर संस्था भेटतात आणि तिथल्या ‘ब्लू बोर्ड’वर एखाद्या संस्थेबद्दल इतर भाषांतरकारांचं मत काय आहे ते दिसतं. फ्रीलान्सर डॉट कॉमवर ठरावीक रकमेच्या कामाला १० टक्के किंवा ५ डॉलर, यांत जे जास्त ते, काम स्वीकारताक्षणी कापलं जातं. पुढे क्लायंटने पैसे दिले नाहीत तरी ती फी लागलेलीच असते, हे तिथे नव्याने जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. इथून पुढे आपण अपवर्कच धरून चालू.

*तपासा:* ‘मी अमुक लोकांसाठी तमुक प्रकारचा मजकूर इंग्रजीतून मराठीत आणते’ हे वाक्य ‘इत्यादी’ न वापरता पूर्ण होतंय का? होत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: नमुने, खातं उघडण्याच्या आधी

तीन नमुने पुरतात. प्रत्येकी दोनशे ते तीनशे शब्द, डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी. नव्या माणसाकडे रिव्ह्यू नसतात, त्यामुळे क्लायंटला पाहण्यासारखी हीच एक गोष्ट असते.

मूळ मजकूर कुठून आणायचा? ऑफिसातले किंवा जुन्या क्लायंटचे कागद वापरू नका. गोपनीयतेचा करार मोडणारा माणूस आपलेही कागद उद्या असेच दाखवेल, हे नवा क्लायंट लगेच ओळखतो. अमेरिकी केंद्र सरकारच्या संस्थांचा स्वतःचा मजकूर सहसा प्रताधिकारमुक्त असतो. तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची आरोग्यविषयक पत्रकं वैद्यकीय नमुन्यासाठी छान आहेत. ॲपच्या मजकुराचा नमुना हवा असेल तर वीस-पंचवीस बटणं, सूचना आणि चूक झाल्यावर दिसणारे संदेश स्वतःच इंग्रजीत लिहून त्यांचं मराठी करा. बटणाचं मराठी बटणात मावतंय, हे त्यातून दिसलं पाहिजे. सबटायटलसाठी मुक्त परवान्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याची एसआरटी (सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली) फाइल पुरे.

तांत्रिक बाजू इथेच उरकून घ्या, कारण पुढे काम हाती असताना तिला वेळ मिळत नाही:

- मजकूर युनिकोडमध्येच हवा. डीटीपीच्या सवयीने श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाइल क्लायंटच्या पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग होते.
- ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे नीट दिसतो का ते पाहा.
- इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकणार असाल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ सुरू असल्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या फुटतात.
- अंक देवनागरी घ्यायचे की इंग्रजी, हे नमुन्यात एकसारखं ठेवा. खऱ्या कामात ते क्लायंटला विचारायचं.

*सावध:* यंत्राचं भाषांतर थोडं पुसून-घासून नमुना म्हणून देऊ नका. मराठी न येणारा क्लायंट तो नमुना मराठी येणाऱ्या कुणाला तरी दाखवतोच.

*तपासा:* इंग्रजी बाजू झाकून नमुना घरातल्या कुणाला वाचायला द्या. दोनदा वाचावं लागलेलं प्रत्येक वाक्य परत लिहा.

टप्पा ३: नाव, पॅन, बँक

पहिली कमाई खात्यात दिसते आणि काढता येत नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे नावाचा घोळ. आपल्याकडे बँकेत आडनाव आधी, पॅनवर मधलं नाव पूर्ण, आधारवर लग्नाआधीचं नाव आणि जीमेलवर टोपणनाव, असं सर्रास असतं. अपवर्क ओळखपत्र मागतं आणि कधीकधी व्हिडिओवरही खात्री करून घेतं. तेव्हा पॅन, ओळखपत्र आणि बँक खातं यांवरचं नाव आधी एकसारखं करून घ्या आणि अपवर्कवर तेच टाका. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी कुठलं तरी एकच नाव सगळीकडे धरावं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हा टप्पा प्रोफाइलच्या आधी ठेवला आहे.

खातं उघडल्यावर डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म भरायचा असतो. आपण अमेरिकेचे करदाते नाही, हे सांगणारं ते निवेदन आहे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण ते राहून गेलं तर पैसे काढताना अडतं. पॅन क्रमांकही तिथे नोंदवा.

एका माणसाचं एकच खातं. ‘पहिलं बिघडलं म्हणून दुसरं उघडलं’ केलं तर दोन्ही बंद होतात.

*सावध:* ‘तुमचं खातं आम्हाला भाड्याने द्या, दरमहा ठरावीक रक्कम देऊ, काम आमची माणसं करतील’ असे संदेश आता भारतीय फ्रीलान्सरांना नेहमी येतात. त्या खात्यावरून जे काही होईल ते तुमच्या पॅनवर आणि तुमच्या ओळखपत्रावर होतं. उत्तरच देऊ नका.

टप्पा ४: प्रोफाइल

इथे लोक दिवसचे दिवस घालवतात. एवढी गरज नाही. शीर्षकात भाषाजोडी, विषय आणि कामाचा प्रकार येऊ द्या: ‘इंग्रजी-मराठी वैद्यकीय भाषांतर, संमतीपत्रं आणि रुग्णपुस्तिका’. अर्थात हे सगळं इंग्रजीत लिहायचं. परिचयाच्या पहिल्या दोन ओळींत टप्पा १ मधलं वाक्य टाका, कारण बाकीचं वाचायला क्लायंटला ‘आणखी’वर क्लिक करावं लागतं. मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की हे शब्द काढून टाका, सगळेच ते लिहितात. त्यांच्याऐवजी भाषांतराची कोणती सॉफ्टवेअर येतात ते लिहा. मेमोक्यू, ट्राडोस, स्मार्टकॅट येत असेल तर सांगा. काहीच येत नसेल तर ओमेगा-टी फुकट आहे, आठवडाभरात हात बसतो.

फोटो साधा, चेहरा दिसणारा. ईमेल, फोन, लिंक्डइनचा पत्ता प्रोफाइलमध्ये कुठेही नको, करार होण्याआधी संपर्काची माहिती देणं नियमाविरुद्ध आहे. प्रोफाइल पहिल्या फटक्यात मंजूर झालं नाही तर शीर्षक आणखी नेमकं करून परत पाठवा.

टप्पा ५: जाहिरात निवडणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ लागतात. थोडे फुकट मिळतात, बाकीचे विकत घ्यावे लागतात आणि एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो. कामागणिक लागणारी संख्या वेगळी असते. १२ कनेक्ट्सचा अर्ज म्हणजे १.८० डॉलर. एका संध्याकाळी दहा ठिकाणी मारलेले अर्ज म्हणजे १८ डॉलर गेले, आणि त्यांतल्या आठ ठिकाणी उत्तर येण्याची शक्यताच नव्हती, हे जाहिरात नीट वाचली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

वाचायची कशी? मजकूर शेवटी, कडेची माहिती आधी.

पहिलं, क्लायंटचं पैसे देण्याचं साधन पडताळलेलं आहे का. नसेल तर नव्या फ्रीलान्सरने ती जाहिरात सोडावी.

दुसरं, त्याने आजवर किती खर्च केला आणि टाकलेल्या जाहिरातींपैकी कितींवर खरोखर माणूस घेतला. वीस जाहिराती टाकून दोनच माणसं घेणारा क्लायंट बहुधा फक्त भाव काढतो.

तिसरं, खाली सरकून त्याच्या जुन्या कामांचा इतिहास. त्याने आधीच्या भाषांतरकारांना किती दिलं आणि त्यांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं, हे तिथे उघड असतं. ‘काम संपल्यावर आणखी पानं वाढवली’ असं दोघांनी लिहिलं असेल तर तिसरा तुम्ही होऊ नका.

चौथं, हालचाल. किती प्रपोजल (म्हणजे अर्ज) आली, किती जणांशी बोलणं सुरू आहे आणि क्लायंटने जाहिरात शेवटची कधी उघडून पाहिली. पन्नासहून जास्त प्रपोजल आणि चार जणांशी बोलणं सुरू, म्हणजे उशीर झाला. पाच-दहाच प्रपोजल आली असतील आणि क्लायंट तासाभरापूर्वी येऊन गेला असेल, तर ती संधी.

मराठीच्या जाहिराती शोधण्याची एक युक्ती. ‘मराठी’ हा एकच शब्द सेव्ह करून बसू नका. पुष्कळ क्लायंट ‘भारतीय भाषा’, ‘हिंदी, तमिळ, मराठी’ किंवा नुसतं ‘लोकलायझेशन’ लिहितात. तीन-चार वेगवेगळे शोध साठवून ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. युरोपातले क्लायंट दुपारीच जाहिराती टाकतात. सकाळी उठून रात्रीच्या शिळ्या जाहिराती चाळण्यापेक्षा संध्याकाळचा एक तास राखून ठेवा.

जादा कनेक्ट्स लावून प्रपोजल वर चढवण्याची सोय आहे, तो एक प्रकारचा लिलावच असतो. माझ्या मते पहिले दोन-तीन रिव्ह्यू मिळेपर्यंत त्या वाटेला जाऊ नये. वर चढून क्लायंटला रिकामी प्रोफाइलच दिसणार असेल तर चढून काय उपयोग?

*सावध, फसवणुकीच्या खुणा:* स्कॅन केलेली पानं वर्डमध्ये टाइप करण्यासाठी शेकडो डॉलर. ‘पुढचं टेलिग्रामवर बोलू.’ नोंदणी फी, प्रशिक्षण फी, ‘परत मिळणारी’ अनामत. ठरलेल्यापेक्षा मोठा चेक पाठवून उरलेले पैसे परत मागणं. ओटीपी मागणं. आणि भाषांतरातली खास युक्ती म्हणजे प्रत्येक उमेदवाराला ‘चाचणी’ म्हणून वेगवेगळं पान देऊन अख्खं पुस्तक फुकटात करून घेणं. दोन-अडीचशे शब्दांची चाचणी ठीक, त्यापुढे पैसे मागा. मंचाला कनेक्ट्स आणि कमिशन सोडून तुमच्या खिशातून कुणालाच काही जात नाही, क्लायंटला तर एक रुपयाही नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि cybercrime.gov.in ऐवजी दुसऱ्या कुठल्या ‘तक्रार निवारण’ लिंकवर जाऊ नका, त्या नावानेही फसवणूक चालते.

टप्पा ६: प्रपोजल

क्लायंटला यादीत प्रत्येक प्रपोजलच्या सुरुवातीच्या दोन ओळी दिसतात. उघडायचं की नाही ते तिथेच ठरतं. त्या दोन ओळी लोक कशा घालवतात पाहा (मूळ इंग्रजीत असतं, इथे मराठीत देतो):

‘आदरणीय महोदय, मी आपली जाहिरात काळजीपूर्वक वाचली आणि या कामासाठी मी अत्यंत योग्य उमेदवार आहे असं मला वाटतं. मला भाषांतराचा दांडगा अनुभव असून…’

यात त्या जाहिरातीचं एक अक्षरही नाही. तेच असं लिहिता येतं:

‘तुमच्या संमतीपत्रात धोक्यांची यादी लांब वाक्यांत आहे. मराठीत ती छोट्या वाक्यांत तोडली तर रुग्णाला कळेल, पण नैतिक समिती मूळ रचना जपायला सांगते का? अशाच एका पत्रकाचा नमुना जोडला आहे, त्यातला दुसरा परिच्छेद पाहा.’

या दोन ओळींत तुम्ही त्याची फाइल वाचली आहे, अडचण ओळखली आहे आणि त्याला उत्तर देता येईल असा एक प्रश्न विचारला आहे. उत्तर आलं की बोलणं सुरू झालंच.

त्यानंतर एवढंच लिहा: काम कसं कराल (भाषांतर, दुसऱ्या दिवशी पुनर्वाचन, मग संज्ञांची यादी), किती दिवसांत, कोणत्या भावाने. एकूण दीडशे शब्दांच्या आत. नमुना एकच जोडा, त्या विषयाचा. तिन्ही जोडलेत तर तो एकही उघडणार नाही.

जाहिरात शेवटपर्यंत वाचा. पुष्कळ क्लायंट शेवटच्या ओळीत ‘उत्तराच्या सुरुवातीला अमुक शब्द लिहा’ असं घालून ठेवतात. तो शब्द नसलेली प्रपोजल न वाचताच बाजूला जातात. चॅटबॉटकडून लिहून घेतलेली प्रपोजल आता क्लायंटच्या पडद्यावर एकाखाली एक, एकाच सुरात येतात. इंग्रजी तपासून घ्यायला त्याची मदत घ्या, पण पहिल्या दोन ओळी तुमच्याच असू द्या. चार शब्द चुकले तरी चालतील.

*तपासा:* हे प्रपोजल जसंच्या तसं दुसऱ्या जाहिरातीला पाठवता येईल का? येत असेल तर कनेक्ट्स वाचवा.

टप्पा ७: भाव

भाव मूळ इंग्रजी शब्दांवर सांगा. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, त्यामुळे त्याच मजकुराचे मराठी शब्द सहसा कमी भरतात. मराठी शब्द मोजून पैसे घेतले तर काम तेवढंच होतं आणि बिल कमी. शिवाय मूळ शब्दसंख्या काम सुरू होण्याआधीच दोघांनाही माहीत असते, नंतर वाद नको.

हातात किती पडतं ते आधी काढून पाहा. समजा ३,००० शब्द, शब्दाला ३ सेंट, म्हणजे ९० डॉलर. अपवर्कचं कमिशन १ मे २०२५ पासूनच्या नव्या करारांवर ० ते १५ टक्के असं बदलतं आणि प्रपोजल पाठवतानाच आकडा दिसतो. इथे १० टक्के धरू, म्हणजे ९ डॉलर. जीएसटी नोंदणी नसेल तर त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १.६२. उरले ७९.३८. हे काम मिळेपर्यंत १२ कनेक्ट्सची पाच प्रपोजल गेली असतील तर आणखी ९ डॉलर वजा. राहिले सत्तरच्या आसपास, आणि भाषांतर अधिक पुनर्वाचन मिळून दोन दिवसांचं काम. दिवसाला ३५ डॉलर तुम्हाला परवडतात का, हे तुम्हीच ठरवा, पण ‘९० डॉलरचं काम’ समजून हो म्हणू नका.

दोन ठिकाणी भाव अडकतो. यंत्राचं भाषांतर तपासायचं असेल तर निम्मा भाव सांगण्याआधी एक पान मागून पाहा. वाईट यंत्रभाषांतर दुरुस्त करायला नव्याने करण्यापेक्षा जास्त वेळ जातो. आणि संस्थांची कामं असतील तर आधी झालेल्या वाक्यांशी जुळणाऱ्या मजकुराला सवलत मागतात. पूर्ण जुळणाऱ्या वाक्यांना ती द्यायला हरकत नाही, पण अर्धवट जुळणाऱ्यांना वाचावंच लागतं, तिथे हात आखडता घ्या.

पहिल्या कामाला थोडा कमी भाव चालेल, फुकट मात्र नको. रिव्ह्यूची आशा दाखवून फुकट काम करून घेणारा क्लायंट रिव्ह्यूही क्वचितच देतो.

टप्पा ८: करार, काम सुरू करण्याआधी

चॅटवर ‘सुरू करा’ म्हणणं म्हणजे करार नव्हे. क्लायंटने ऑफर पाठवली पाहिजे, तुम्ही ती स्वीकारली पाहिजे आणि ठरावीक रकमेचं काम असेल तर त्या मायलस्टोनचे (कामाच्या टप्प्याचे) पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत अपवर्ककडे राखून ठेवलेले, जमा झालेले दिसले पाहिजेत. ते दिसेपर्यंत फाइल उघडूही नका. मोठं काम असेल तर तीन-चार मायलस्टोन पाडा आणि पुढच्याचे पैसे जमा झाल्यावरच पुढची फाइल सुरू करा. अशी अट घातल्याने खरा क्लायंट पळून जात नाही.

तासाप्रमाणे काम असेल तर अपवर्कचं डेस्कटॉप ॲप लावूनच बसा. ते तासात सहा वेळा पडद्याचं चित्र घेतं, त्यामुळे व्हॉट्सॲप वेब बंद ठेवा. हाताने भरलेल्या तासांना पैशाचं संरक्षण नाही. आठवडा सोमवार ते रविवार जागतिक वेळेनुसार मोजतात, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला नवा सुरू होतो. आठवडा संपल्यावर पैसे हाताशी यायला साधारण दहा दिवस लागतात.

*तपासा, लेखी घ्या:* मूळ शब्दसंख्या, अंतिम तारीख आणि ती कोणत्या वेळेनुसार, फाइलचा प्रकार, अंक देवनागरी की इंग्रजी, संज्ञांची यादी आहे का, दुरुस्तीच्या किती फेऱ्या. सबटायटल असेल तर एका ओळीत किती अक्षरं आणि किती वेळ पडद्यावर, याची नियमावली.

टप्पा ९: काम सोपवणं

शंका एकेक करून पाठवू नका. पहिल्या वाचनातच सगळ्या एका यादीत काढा आणि प्रत्येकीपुढे ‘उत्तर आलं नाही तर मी असं धरेन’ हे लिहा. क्लायंट झोपलेला असताना तुमचं काम थांबत नाही.

फाइल चॅटमध्ये टाकून ‘झालं’ म्हणणं ही हमखास होणारी चूक. ठरावीक रकमेच्या करारात ‘सबमिट वर्क’चं बटण दाबूनच काम द्या. ते दाबल्यापासून क्लायंटने १४ दिवसांत काहीच केलं नाही तर रक्कम आपोआप सुटते. चॅटमधल्या फाइलला ते घड्याळ लागू नाही. सुटलेली रक्कम पुढे पाच दिवस सुरक्षेसाठी थांबते, मग काढता येते.

काम मान्य झालं की करार बंद करायला सांगा. त्यानंतर दोघांनाही रिव्ह्यूसाठी १४ दिवस मिळतात. एक ओळीची आठवण करून द्या, पण पाच तारे मागू नका.

टप्पा १०: पैसे आणि कर

पैसे थेट भारतीय बँक खात्यात घेता येतात. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा पुरावा, म्हणजे बँकेचं किंवा पैसे पाठवणाऱ्या सेवेचं परकी चलन आवक पत्र, डाउनलोड करून आर्थिक वर्षाप्रमाणे ठेवा. अपवर्कची बिलं आणि कमिशनच्या पावत्याही त्याच फोल्डरमध्ये. कर एकूण कमाईचा हिशोब धरून भरायचा असतो, बँकेत आलेला आकडा धरून नव्हे. कमिशन आणि कनेक्ट्स हा खर्च वेगळा दाखवायचा. टीडीएस कापला गेला असेल तर तो फॉर्म २६एएस मध्ये दिसतो.

हे उत्पन्न पगार नाही, त्यामुळे आयटीआर-१ हे विवरणपत्र चालत नाही, ३ किंवा ४ लागतो. अंदाजी उत्पन्नाची (म्हणजे खर्चाचा तपशील न देता कमाईचा ठरावीक हिस्सा नफा धरण्याची) सवलत काही ठरावीक व्यवसायांनाच आहे आणि भाषांतर त्यात बसतं का, हे आपल्या सीएला विचारूनच ठरवा. जीएसटी नोंदणीची सेवांसाठीची मर्यादा महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाला २० लाख रुपये उलाढालीची आहे, आणि परदेशी कामाची रक्कमही त्यात धरतात. नोंदणीनंतर निर्यातीवर कर न भरता काम करायचं तर एलयूटी हे हमीपत्र दाखल करावं लागतं.

टप्पा ११: तोच क्लायंट परत

काम झाल्यावर त्या क्लायंटसाठी केलेली संज्ञांची यादी त्याला स्वच्छ फाइलमध्ये द्या, न मागता. पुढच्या वेळी तो दुसऱ्याकडे गेला तरी ती वापरेल, पण बहुतेक जण ती बनवणाऱ्याकडेच परत येतात. जुना करार अजून बंद झाला नसेल तर नवा नको, त्यावरच पुढचा मायलस्टोन घालायला सांगा, कनेक्ट्स लागत नाहीत.

‘कमिशन वाचवू, थेट बँकेत पाठवतो’ असं चांगला क्लायंटही कधीतरी म्हणतो. अपवर्कवर भेटलेल्या क्लायंटशी दोन वर्षं बाहेर व्यवहार करायला मनाई आहे, हवंच असेल तर त्यासाठीची फी भरून नातं रीतसर बाहेर नेता येतं. नाहीतर नम्रपणे नाही म्हणा आणि ते चॅटवरच लिहा, म्हणजे पुढे प्रश्न आलाच तर तुमचं उत्तर नोंदलेलं असेल.